डेलाइट अवॉर्ड : उजेडासाठीही बक्षीस असतं म्हणे!

पोटमाळा

मंडळी, बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज मुहूर्त लागला.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मॉडेलं बनवतो. पुठ्ठा, फोमबोर्ड, कटर, गोंद हाच माझा संसार. मागे एका वाचनालयाचं मॉडेल केलं होतं, छपरात तीन लांब चिरा ठेवलेल्या, आणि त्यातून आत किती उजेड उतरतो ते मोजायचं होतं. आता उजेडाची गंमत अशी की त्याला स्केल कळत नाही. पाण्याचं किंवा वाऱ्याचं मॉडेल लहान केलं की सगळं गणित बदलतं, उजेडाचं तसं नाही, खोकं खऱ्या खोलीच्या विसाव्या हिश्शाचं असलं तरी आतले रंग आणि भोकं बरोबर असतील तर उजेड खऱ्या खोलीसारखाच वागतो. म्हणून मीटर आत ठेवला, आकडा झकास आला, साहेब खूश, मीही खूश. दोन दिवसांनी सहज म्हणून तिन्ही चिरांवर टेप चिकटवली. तरी आत उजेड! फोमबोर्डातून उजेड झिरपत होता हो. भिंतीच कंदिलाच्या कागदासारख्या उजळलेल्या. बाहेरून काळा कागद गुंडाळला तेव्हा कुठे खरा आकडा कळला, तो आधीच्या निम्म्याहून कमी. साहेबांना सांगायला गेलो तेव्हाचा चेहरा (माझा) आठवला की अजून कसंतरी होतं.

तर त्या फजितीनंतर या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत सुटलो आणि कळलं की उजेड नीट वापरणाऱ्यांना चक्क एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार आहे, डेलाइट अवॉर्ड. १९८० साली पहिल्यांदा दिला तो योर्न उत्झॉनला, म्हणजे सिडनी ऑपेरा हाउसवाला. आत्ताच्या स्वरूपात २०१६ पासून, दर दोन वर्षांनी. एक बक्षीस इमारती बांधणाऱ्याला आणि एक उजेडावर संशोधन करणाऱ्याला, प्रत्येकी १ लाख युरो. पैसे देतात व्हिलुम फोंडेन, व्हेलक्स फोंडेन आणि व्हेलक्स श्टिफ्टुंग या तीन संस्था, पहिल्या दोन डेन्मार्कच्या, तिसरी स्वित्झर्लंडची.

२०१६ ला आर्किटेक्चरचा मान स्टीव्हन हॉलचा आणि संशोधनाचा मारिलिन आंडरसनचा. २०१८ ला हिरोशी साम्बुइची आणि ग्रेग वॉर्ड. २०२० ला फिनलंडचे युहा लेइव्हिस्का, संशोधनात रसेल फॉस्टर, आणि आयुष्यभराच्या कामासाठी हेन्री प्लमर. २०२२ च्या मानकऱ्यांत ग्राफ्टन आर्किटेक्ट्सच्या दोघी, इव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा, आणि आना विर्झ-जस्टिस.

ही यादी बघून मला एक गोष्ट खटकली, म्हणजे चांगल्या अर्थाने. यात काचेचे मनोरे बांधणारा एकही नाही. मला वाटलेलं उजेडाचं बक्षीस म्हणजे जास्तीत जास्त काच लावणाऱ्याला मिळत असणार. इथे तर उलटंच, बहुतेक जणांनी भिंतीच भिंती बांधल्यात! यावर कोणाला काही माहिती, अनुभव असेल तर लिहा.

उंटावरचा शहाणा

छान लिहिलंय पोटमाळाभाऊ, फोमबोर्डाचा किस्सा तर अगदी पटला, पण एक शंका विचारल्याशिवाय राहवत नाही. व्हेलक्स म्हणजे छपरातल्या खिडक्या विकणारी कंपनी ना? मग खिडक्या विकणाऱ्याच्या पैशातून उजेडाचं बक्षीस म्हणजे साबणवाल्याने स्वच्छतेचं बक्षीस ठेवल्यासारखं झालं. चांगलं आहे, पण हात राखूनच टाळ्या वाजवाव्यात म्हणतो मी.

तिरकी रेघ

शंका रास्त आहे. कंपनी व्हिलुम कान रासमुसेन या इंजिनिअरने १९४१ साली काढली. नावातच सगळं आहे, व्हेंटिलेशनमधला व्हे आणि लॅटिनमधला लक्स, म्हणजे उजेड. पुरस्काराचे पैसे त्याच घराण्याच्या देणगी-संस्थांकडून येतात हे उघड आहे, कोणी लपवत नाही. पण निवड परीक्षक मंडळ करतं, आणि धागाकर्त्याने म्हटलंय तसं यादी बघा. ग्रेग वॉर्डला बक्षीस मिळालं ते सॉफ्टवेअरसाठी. ते फुकट आहे आणि त्यात खिडकी कोणाचीही घालता येते.

माझं पोट त्याच सॉफ्टवेअरवर चालतं म्हणून जरा जास्त लिहिते. त्याचं नाव रेडियन्स. वॉर्डने ते १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत लिहायला घेतलं. सूर्यापासून निघालेला एकेक किरण धरून तो खोलीत कुठे जातो ते बघायचं ठरवलं तर आयुष्य पुरणार नाही, कारण बहुतेक किरण तुमच्या खोलीत शिरतच नाहीत. म्हणून हे सॉफ्टवेअर उलटं चालतं. टेबलावरच्या एका बिंदूपासून सुरुवात करतं आणि विचारतं की बाबा तुझ्यावर पडलेला उजेड आला कुठून? समोरच्या भिंतीवरून. भिंतीवर कुठून? छतावरून. छतावर? खिडकीच्या खालच्या कट्ट्यावरून. कट्ट्यावर? आभाळातून. पोलिस तपास करतात ना, चोरापासून टोळीपर्यंत, अगदी तसं. आणि जिथे उत्तराने फार फरक पडत नाही तिथे ते कमी प्रश्न विचारतं, हीच त्यातली हुशारी.

आधी हेच काम पोटमाळासारखे लोक मॉडेल करून, आरशांच्या खोक्यात कृत्रिम आभाळ तयार करून करायचे. आमच्यात फोमबोर्डाची फजिती होत नाही, पण भिंतीचा रंग टाकताना एक आकडा चुकला की तीच गत. मी एकदा गालिचा आरशाइतका चकचकीत टाकला होता. खोलीत उजेडच उजेड!

नुसताच वाचक

वाचतोय. तिरकी रेघ, टोळीचं उदाहरण भारी.

गोधडी

धाग्यासाठी धन्यवाद!! मी काही या क्षेत्रातली नाही पण उत्झॉनचं नाव वाचून राहवलं नाही. नवऱ्याच्या कामानिमित्त काही वर्षं डेन्मार्कात होते तेव्हा कोपनहेगनच्या बाहेर त्याचं एक चर्च आहे बागस्व्हेर्द नावाचं, १९७६ साली पूर्ण झालेलं, ते बघायला गेले होते. खरं सांगते, बाहेरून बघितल्यावर मला वाटलं आपण चुकीच्या पत्त्यावर आलोय. धान्याचं कोठार किंवा कारखाना असावा तसं दिसतं, पांढुरक्या काँक्रीटच्या चौकोनी फळ्या आणि काहीच नाही. मैत्रीण म्हणाली चल आत तरी जाऊ.

आत गेल्यावर मान वर गेली ती खाली येईना. छत म्हणजे ढग. काँक्रीटच आहे पण लाटांसारखं वळत वळत वर गेलंय, पांढरं, आणि त्या वळणांच्या मागून कुठून तरी उजेड येतोय. मी दहा मिनिटं खिडकी शोधत होते! बसल्या जागेवरून खिडकी दिसतच नाही. छताच्या वळणांवरून घरंगळत, मऊ होत होत उजेड खाली येतो. बाहेर मळभ होतं, तिकडचं ते राखाडी, कंटाळवाणं, पण आत तोच उजेड असा काही दिसत होता की वाटलं बाहेर आता ऊन पडलंय. बाहेर आलो तर तेच मळभ.

नंतर वाचलं की हवाईच्या समुद्रकिनाऱ्यावर बसून ढग बघताना त्याला ही कल्पना सुचली. त्याचं चित्रही आहे, किनाऱ्यावर माणसं आणि वर ढगांच्या रांगा, आणि दुसऱ्या चित्रात ढगांच्या जागी छत. आतले कापडी पडदे आणि वस्त्रं त्याच्या मुलीने, लिन उत्झॉनने केलीत.

पोटमाळा

गोधडी, वा! हेच म्हणायचं होतं मला पण मी फोटोच बघितलेत. खिडकी दिसत नाही आणि उजेड दिसतो.

भिंगवाले काका

मी निवृत्त छायाचित्रकार. चाळीस वर्षं उजेडाच्या मागे फिरण्यात गेली त्यामुळे दोन शब्द बोलण्याचा हक्क बजावतो.

आपल्या मराठीत ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. ऊन सूर्याचं, उजेड आभाळाचा. आपण घर बघायला गेलो की विचारतो ऊन येतं का, आणि दुसऱ्या श्वासात म्हणतो उजेड बरा आहे. दोन्ही प्रश्न निराळे आहेत आणि आपल्याला ते न शिकवता कळतात. शिवाय तिसरा शब्द कवडसा. छपराच्या भोकातून येणारा, जमिनीवर गोल पडणारा, दिवसभर खोलीत सरकणारा. तो गोल का असतो माहितेय का? भोक चौकोनी असलं तरी कवडसा गोल पडतो कारण ती सूर्याची प्रतिमा असते, भोक म्हणजे बिनभिंगाचा कॅमेरा. ग्रहणात बघा, कवडशाची चंद्रकोर होते.

माझ्या मते या मानकऱ्यांची वाटणीसुद्धा अशीच करता येईल. उत्झॉनचं ते चर्च उजेडाचं. रोमचं पँथिऑन कवडशाचं, वर साधारण ८ मीटरचं उघडं भोक आणि त्यातून उन्हाची थाळी घुमटावरून फिरते. आणि स्टीव्हन हॉल मात्र रंगाचा खेळिया. सिॲटलला त्याचं सेंट इग्नेशियस चॅपल आहे, १९९७ चं. 'दगडी पेटीत उजेडाच्या ७ बाटल्या' अशी त्याची मूळ कल्पना. तिथे भिंतीपुढे आडोसे उभे केलेत आणि आडोशाच्या मागच्या बाजूला, जी आपल्याला कधीच दिसत नाही तिला, रंग दिलाय. आभाळाचा उजेड त्या लपवलेल्या रंगावर आपटून भिंतीवर येतो. म्हणजे भिंत पांढरी, पण तिच्यावर हिरवी किंवा केशरी आभा. ढग आला की आभा विझते, ढग सरकला की पुन्हा फुलते. शिवाय त्याच आडोशात विरुद्ध रंगाच्या काचेचा एक छोटा तुकडा. रंगवलेला रंग आणि रंगाची सावली यातला फरक ज्याला कळला त्याला बक्षीस मिळालंच पाहिजे.

उंटावरचा शहाणा

काका, तुमच्यापुढे बोलायची माझी टाप नाही, पण एक बघा. उत्झॉन चर्च, हॉल चॅपल, लेइव्हिस्काची पण चर्चच प्रसिद्ध आहेत. देवाघरी उजेड सुंदर असतोच हो, तिथे कोणाला कॉम्प्युटरवर एक्सेल उघडायचं नसतं. तिथे अंधार असला तरी लोक म्हणतात वा काय गूढ वातावरण आहे. रोज नऊ तास जिथे बसतो त्या जागेचं काय? आमच्या ऑफिसला दक्षिणेकडून मजल्यापासून छतापर्यंत काच आहे. वर्षाचे ३६५ दिवस पडदे पाडलेले आणि दिवसाढवळ्या सगळे ट्यूबलाइट चालू. काच कशाला लावली मग? बिल्डिंगचा फोटो काढायला.

तिरकी रेघ

शहाणेभाऊ तुमच्या ऑफिसची गोष्ट जगात सगळीकडे आहे, आणि म्हणूनच उजेड मोजायच्या पद्धती गेल्या वीसेक वर्षांत बदलल्या. पूर्वी एकच आकडा काढायचे, डेलाइट फॅक्टर. ढगाळ आभाळाखाली बाहेर जितका उजेड त्याच्या किती टक्के आत टेबलावर पोचतो, तो. बाहेर १०,००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि टेबलावर २०० तर फॅक्टर २ टक्के. सोपा आहे पण त्यात ऊनच नाही, दिशा नाही, त्या हिशोबाने उत्तरेची आणि दक्षिणेची खिडकी सारखीच. मग काय, जितकी काच जास्त तितका आकडा मोठा! तुमच्या ऑफिसला या परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले असते.

आता वर्षभराचं हवामान घेऊन तासातासाचा हिशोब करतात. युरोपचं जे मानक आहे, ईएन १७०३७, २०१८ चं, त्यात किमान पातळी अशी की वर्षातल्या उजेडाच्या निम्म्या तासांत खोलीच्या निम्म्या भागात निव्वळ आभाळाच्या उजेडावर ३०० लक्स मिळाले पाहिजेत, आणि जवळजवळ सगळ्या खोलीत निदान १००. त्याच मानकात डोळ्यांवर येणारी तिरीप, बाहेरचं दृश्य आणि थेट ऊन यांचाही वेगळा विचार आहे. अमेरिकेत आणखी एक आकडा आहे जो उलटा तपासतो, १००० लक्सहून जास्त थेट ऊन वर्षाला २५० तासांपेक्षा जास्त कुठे पडतं? तिथे पडदा पडणारच. आणि पडदा एकदा पडला की परत कोण उघडतंय. आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात कडू सत्य, पडदा सकाळी १० ला उन्हासाठी पाडतात आणि तो पुढच्या आठवड्यापर्यंत तसाच.

बाकी फक्त चर्चंच नाहीत हो. ग्राफ्टनच्या दोघींची मिलानची बोकोनी विद्यापीठाची इमारत २००८ ची, भल्यामोठ्या शहरी इमारतीत उजेड थेट खाली तळघरातल्या मजल्यांपर्यंत उतरवलाय. तिथे माणसं कामालाच बसतात.

सांजवात

मी वेगळ्याच बाजूने लिहिते. मी नर्स आहे, महिन्यातले दहाबारा दिवस रात्रपाळी. मला वर रसेल फॉस्टरचं नाव दिसलं म्हणून लॉगिन केलं, त्यांच्या कामाबद्दल आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं.

आपण शाळेत शिकलो की डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात, दंड आणि शंकू, एक अंधुक उजेडात बघायला आणि एक रंगांना. दीडशे वर्षं सगळ्यांना वाटत होतं की झालं, डोळा संपला. फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की दंडही नाहीत आणि शंकूही नाहीत अशा उंदरांचं, म्हणजे पूर्ण आंधळ्या उंदरांचं, शरीरातलं घड्याळ तरीही उजेडावर जुळतं. डोळेच काढून टाकले की मात्र नाही. म्हणजे डोळ्यातच तिसरं काहीतरी आहे जे बघत नाही पण उजेड ओळखतं. पुढे त्या पेशी सापडल्या, त्यात मेलानॉप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि त्याला निळसर उजेड सगळ्यात जास्त कळतो, साधारण ४८० नॅनोमीटरचा. निरभ्र आभाळाचा रंग!

याचा परिणाम बघा, आंधळ्या माणसाचे डोळे काढून टाकायचे की ठेवायचे हा प्रश्न आला तर आता डॉक्टर विचार करतात, कारण दिसत नसलं तरी त्याच डोळ्यांमुळे त्याला रात्र-दिवस कळत असण्याची शक्यता असते. मला ते ऐकून काटा आला होता.

त्यामुळे शहाणेभाऊ, तुमच्या ट्यूबलाइटखाली वाचता येतं, पण शरीराला तो दिवस वाटतच नाही. आतमध्ये ३००-५०० लक्स, आणि बाहेर अगदी ढगाळ असलं तरी १०,००० च्या आसपास, भर उन्हात १ लाख. डोळा इतका पटकन जुळवून घेतो की हा फरक आपल्याला जाणवतच नाही, म्हणून आपण फसतो. आना विर्झ-जस्टिस यांचं काम पण यातलंच, हिवाळ्यात उजेड कमी पडून येणाऱ्या नैराश्यावर उजेडाचेच उपचार. सकाळी अर्धा तास १०,००० लक्सच्या दिव्यासमोर बसायचं.

आणि माझ्यासारख्यांना उलटी पंचाईत. सकाळी ड्यूटी संपवून घरी जाताना मी काळा गॉगल लावते, लोकांना वाटतं बाई फॅशन करते. तो उजेड डोळ्यात गेला की झोप गेली. त्यामुळे हा पुरस्कार माझ्यासाठी एक अंधाराचापण ठेवायला पाहिजे 😄

गोधडी

सांजवात ताई, गॉगलचं वाचून हसले आणि मग वाईटही वाटलं. जपा स्वतःला. ते हॉस्पिटलात खिडकीजवळच्या पेशंटना लवकर बरं वाटतं असं पण वाचल्याचं आठवतंय, ते पण उजेडामुळेच ना?

तिरकी रेघ

तो अभ्यास रॉजर उलरिकचा, १९८४ चा. पण गोधडी, तो उजेडाचा नव्हे, दृश्याचा आहे. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले पेशंट, ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. खिडकी दोघांनाही होती! दरवेळी कोणीतरी हे उदाहरण उजेडाच्या खात्यावर जमा करतं. मीसुद्धा एका प्रेझेंटेशनमध्ये केलं होतं, समोरच्या एका बाईंनी नम्रपणे कान पकडले.

भिंगवाले काका

लेइव्हिस्काबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हेलसिंकीच्या शेजारी व्हांटाला त्यांचं म्यूरमाकी चर्च आहे, १९८४ चं. जागा कसली, रेल्वेच्या रुळांना लागून एक लांबट पट्टी. त्यांनी रुळांच्या बाजूला भिंत घातली आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या भिंतींचे उभे पट्टे, एकामागे एक, पत्ते पिसून उभे केल्यासारखे. प्रत्येक दोन पट्ट्यांत एक उभी फट. फटीतून आलेला उजेड शेजारच्या पट्ट्यावर पडतो, त्यावरून पुढच्यावर. वर त्यांनीच बनवलेले पांढरे लटकते दिवे, शेकड्याने. ते स्वतः पियानो वाजवायचे, आणि भिंतींचे पट्टे बघताना ते कळतं, जवळजवळ, लांब, परत जवळजवळ, मध्येच एक मोठी गॅप.

त्यांच्याकडे हिवाळ्यात सूर्य कसाबसा क्षितिजावर येतो. दारिद्र्यात माणूस काटकसर शिकतो तसं झालं असेल. ज्यांच्याकडे उजेड मुबलक ते त्याला अडवायला शिकतात. दोन्ही कामं अक्कल लागणारी.

उंटावरचा शहाणा

काकांनी मैफल जिंकली. माझी तक्रार निम्मी मागे घेतो. पूर्ण नाही, कारण मला अजूनही असं बक्षीस बघायचंय जे चार मजली साध्या इमारतीच्या जिन्यात उजेड आणणाऱ्याला मिळेल. तिथे १ लाख युरोत शंभर जिने उजळतील.

पोटमाळा

शहाणेभाऊ, साम्बुइचीचं काम त्याच्या जवळ जातं बघा. जपानच्या इनुजिमा बेटावर तांब्याचा जुना कारखाना होता, दहा वर्षं चालून १९१९ ला बंद पडलेला. त्याने तिथे २००८ साली संग्रहालय केलं, जुनी चिमणीच वापरून. उन्हाने गरम झालेली हवा चिमणीतून वर जाते आणि जमिनीखालच्या थंड वाटेने नवी हवा आत ओढली जाते. ऊन हेच यंत्र. सामान्य जिना नाही, पण श्रीमंती थाटही नाही.

वेलदोडा

नवीन आहे इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. एवढं सगळं वाचून माझा साधा प्रश्न. आमची बैठकीची खोली लांब आणि अरुंद आहे, एकाच टोकाला खिडकी. खिडकीपाशी डोळे दिपतात आणि मागच्या भिंतीपाशी दिवसा दिवा लावावा लागतो. खिडकी रुंद करून घ्यायची म्हणतोय आम्ही. उपयोग होईल का?

तिरकी रेघ

थांबा थांबा, आधी भिंत फोडू नका. उजेड आत किती खोल जाणार हे मुख्यतः खिडकीच्या वरच्या कडेवर ठरतं, रुंदीवर नाही. ढोबळ हिशोब असा, जमिनीपासून खिडकीच्या वरच्या कडेची जी उंची, त्याच्या दीडपट ते दोन-अडीचपट अंतरापर्यंत कामापुरता उजेड जातो, पुढे अंधार. मागच्या भिंतीपाशी बसून खिडकीकडे बघा. आभाळ दिसतंय का? दिसत नसेल तर तिथे येणारा सगळा उजेड उसना आहे, कुठूनतरी आपटून आलेला. रुंद खिडकीने ते बदलणार नाही. आणि ढगाळ दिवशी डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्यापेक्षा साधारण ३ पट उजळ असतं, म्हणून खिडकीचा वरचा एक वीत भाग खालच्या दोन वितींपेक्षा मोलाचा.

वर पडद्याची पेटी आहे का?

वेलदोडा

आहे ना, पेल्मेट, चांगली हातभर खाली आलेली. सासूबाईंनी हौसेने करून घेतलीये, शिसवी रंगाची 🙈

पोटमाळा

बघा, सापडला चोर! ती पेटी तुमच्या खिडकीचा सगळ्यात महाग भाग झाकून बसलीये. काढायची नसेल तर आधी एक बुटाचं खोकं घ्या, एका टोकाला खिडकी कापा, आतून पांढरा कागद, दुसऱ्या टोकाला डोळ्यापुरतं भोक, आणि खिडकीच्या वरच्या भागावर पट्टी लावून-काढून बघा. सासूबाईंनाही दाखवा. (बाहेरून काळा कागद लावायला विसरू नका, मी सांगितलं म्हणून सांगा.)

भिंगवाले काका

आणि डोळे दिपण्याचं कारण खिडकी नव्हे, खिडकीभोवतीची काळोखी भिंत. खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजू पांढऱ्या करा. जुन्या जाड भिंतींत खिडकीच्या कडा आत तिरक्या पसरलेल्या असायच्या त्या यासाठीच, आभाळ आणि भिंत यांच्या मध्ये एक मधला उजेड तयार व्हायचा.

वेलदोडा

खोक्याने काम केलं!! सासूबाईंनी स्वतः भोकाला डोळा लावला, पट्टी काढली तसं म्हणाल्या "अगंबाई". पेल्मेट उतरवली काल. छताला पांढरा रंग आधीच होता. मागे फरक पडलाय नक्की पण किती ते सांगता येईना. फोनवर लक्सचं अॅप टाकलं, तर सकाळी ४०, दुपारी १२०, परत ६०. पेल्मेट काढायच्या आधी मोजलं नाही हा मूर्खपणा.

तिरकी रेघ

फोनचा आकडा खरा मानू नका, त्यातला सेन्सर तसल्या कामासाठी नसतोच. पण गुणोत्तर काढायला चालेल. एकच फोन नको, कारण आत-बाहेर करेपर्यंत आभाळ बदलतं. एकाच मॉडेलचे दोन फोन, एक बाहेर उघड्यावर, एक आत मागच्या भिंतीपाशी टेबलाच्या उंचीवर, दोन्ही आडवे, आकडे एकाच क्षणी घ्यायचे. पेल्मेट तात्पुरती परत धरून एकदा आणि काढून एकदा. मी वर ज्याला जुनाट म्हणाले तोच डेलाइट फॅक्टर इथे कामाला येईल. फक्त आभाळ पूर्ण ढगाळ पाहिजे, ऊन असेल तर हिशोब फिसकटतो.

वेलदोडा

हे गच्चीवर फोन घेऊन, दीर स्टुलावर पेल्मेट धरून आणि मी मागच्या भिंतीपाशी, अशी तालीम झाली आज. "आता?" "आता!" "किती?" असं ओरडून शेजारी गोळा झाले. पण ऊन कडकडीत आहे, आभाळात एक ढग नाही. ढग आले की आकडे टाकते.

नुसताच वाचक

वाचतोय. ढगांची वाट बघतोय.